रिपोर्ट चांगला, मग गुडघा का दुखतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला गुडघेदुखी आणि चरबीचा लेख वाचला. लेख चुकीचा नव्हता, पण आमच्या गावात तो एका वाक्याचा होऊन पोचला : कोलेस्टेरॉल वाढले की गुडघे जातात. दोघी-तिघी लगेच तालुक्याला जाऊन लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून आल्या. त्यातल्या एका मावशींचे वजन ४२ किलो. कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "भाऊ, रिपोर्टात तं सारंच चांगलं हाय म्हनते, मंग दुखते काहून?"

मी ३१ वर्षे ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढली. रक्त आणि गुडघ्यातून काढलेले पाणी, दोन्ही हाताळले आहे, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे गुडघ्यातले 'वंगण' सरले म्हणतात आणि मग तूप खायला सांगतात. बैलबंडीच्या आखाला तेल घालावे तसे. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी फार वाढलेल्या माणसाचे रक्त मशीनमध्ये फिरवले की वरचा सीरम दुधासारखा पांढरा दिसतो. तसे दुधाळ पाणी गुडघ्यातून निघालेले मी एकदाही पाहिले नाही. चांगल्या सांध्यातला द्रव पारदर्शक, फिकट पिवळा, आणि थेंब सोडला की पाकासारखी तार धरणारा. सांध्याचे अस्तर चाळणीचे काम करते. रक्तातले चरबीचे मोठे कण अडतात, एचडीएलसारखे ('चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतात ते) लहान कण जास्त येतात. सांधा सुजला की चाळणी सैल पडते आणि आतली चरबी वाढते. खरा गुळगुळीतपणा येतो तो हायलुरोनिक अ‍ॅसिड, लुब्रिसिन नावाचे प्रथिन आणि फॉस्फोलिपिड ही एक प्रकारची चरबी यांनी मिळून कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, धरलेल्या थरामुळे. हे बरेचसे सांध्याच्या पेशी स्वतःच तयार करतात. ताटातले तूप तिथे जाऊन पडत नाही.

चरबीचा संबंधच नाही, असेही नाही. लठ्ठ माणसांत हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजही जास्त आढळते, आणि बोटांवर काही कोणी चालत नाही. म्हणजे नुसत्या भाराचा मामला नाही. गुडघ्याच्या वाटीखाली चरबीची एक लहान गादी असते, ती सूज वाढवणारी रसायने सोडते. २०१९ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की कूर्चेच्या पेशीत कोलेस्टेरॉल साठले की त्यापासून बनणारे पदार्थ कूर्चा कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) जागे करतात. पण उंदीर तो उंदीर. कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घेणाऱ्या माणसांचे गुडघे त्यामुळे वाचतात, असे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. लिपिड प्रोफाइल हृदयासाठी जरूर करा, गुडघ्याचा निकाल त्यावरून लागत नाही. जाड माणसाने एक किलो वजन उतरवले, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो, एवढे मात्र पक्के.

आता त्या ४२ किलोच्या मावशींनी कुठले किलो उतरवायचे? मागे एका शिबिरात त्यांना तेल-तूप कमी करा, वजन सांभाळा, असे सांगून परत पाठवले होते. घरी ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. तूप सणाला! पण चाळीस वर्षे उकिडवे बसून निंदण केले, पऱ्हाटीत दिवसभर वाकून कापूस वेचला आणि संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन बांधावरून आल्या. उकिडवे बसणे, गुडघ्यावर टेकणे, ओझे उचलणे याने गुडघ्याची झीज वाढते, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आले आहे. आपल्या लेखात निंदणाचा 'नि'सुद्धा नव्हता. शहरातल्या वाचकासाठी लिहिले असेल, पण अंक आमच्या पारावरही येतो.

आणखी एक. या मावशी दोन वर्षांपासून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक या दुखणे दाबणाऱ्या औषधाच्या गोळ्या आणून खातात, पुष्कळदा उपाशीपोटी. मला विचाराल तर लिपिडच्या आधी त्यांचे क्रिएटिनिन (किडनीचे काम कळते ती रक्ततपासणी) बघायला हवे होते, कारण अशा गोळ्यांनी पोटात जखमा होतात आणि किडनीला इजा होऊ शकते. ती तपासणी कोणी सुचवली नाही. मी सांगितली, तर म्हणाल्या, "आता पुन्हा कायले सुई?"

विनंती इतकीच की पुढच्या पुरवणीत मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाची चित्रे मोठी छापा. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, चटईवर पडून सरळ पाय वीतभर उचलायचा, असली साधीच. गुडघेदुखीच्या उपचारात व्यायाम पहिला येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. वाचता न येणाऱ्या बाईलाही समजतील अशी चित्रे हवीत. जमले तर सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन वेचणी लागायच्या आत छापा, नंतर कोणाला सवड नसते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. दारव्हा, जि. यवतमाळ