मधही साखरच!

'साखर नाही, फक्त मध' असे मिरवणारा केक हल्ली पथ्याचा म्हणून खपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीला बसवली आहे. दिवसाला २००० कॅलरींचा आहार असेल, तर हे सगळे मिळून ५० ग्रॅमच्या आत हवे. २५च्या आत राहिले तर उत्तमच. डार्क चॉकलेटचेही तेच. कोको ७० टक्के असला तरी १०० ग्रॅममागे जवळपास ६०० कॅलरी असतातच, आणि 'पौष्टिक' म्हटले की आपण (मी तरी) दोन तुकडे जास्तच तोडतो. त्यापेक्षा साखरेचाच केक घ्यावा, लहानसा, आणि जिभेवर घोळवत सावकाश खावा. चोरून कशाला?

– एक गोडखाऊ वाचक