कपाळावरच्या आठ्या बघा

संपादक महोदय,

मागच्या महिन्यात बहीण सकाळी उठली तर तोंड एका बाजूला वाकडं, चूळ भरताना पाणी ओठातून गळतंय, घरात सगळ्यांना वाटलं अर्धांगवायूच झाला. डॉक्टरांनी तिला भुवया वर करायला सांगितल्या, डोळे घट्ट मिट म्हणाले, दात दाखव म्हणाले. त्या बाजूच्या कपाळावर एकही आठी पडेना, डोळाही मिटेना. म्हणजे बेल्स पाल्सी, मेंदूतून चेहऱ्याकडे जाणारी सातवी नस सुजलेली. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून स्ट्रोकमध्ये, म्हणजे अर्धांगवायूत, मेंदूची एक बाजू बिघडली तरी आठ्या सहसा पडतात!

मेंदूतून निघणाऱ्या अशा नसांच्या 12 जोड्या आहेत आणि त्या तपासायला टॉर्च, कापूस, ट्यूनिंग फोर्क असलं साधंच सामान लागतं, तरी काही जण पेशंटकडे नीट न बघताच एमआरआय लिहून देतात, याचं खरंच वाईट वाटतं.

पण घरी निदान करत बसू नका, तोंड वाकडं दिसलं की लगेच हॉस्पिटल गाठा. बेल्स पाल्सीतही स्टिरॉइड 72 तासांच्या आत सुरू झालेलं बरं. आणि न मिटणारा डोळा कोरडा पडू देऊ नका, डॉक्टरांना विचारून ड्रॉप्स घाला, रात्री पट्टी लावा.

एक वाचक