लॉबीतली मेथी

वरळी, रविवार

बाळ्या,

दिवाळीला फोन करतो म्हणालो आणि केला नाही. शिव्या घाल, पण आधी वाच. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

परवा आईला वॉचमनने उठवलं. लिफ्टसमोरून. दुपारी बाई स्टूल घेऊन बाहेर बसलेली, पुढ्यात पेपर, त्यावर मेथीची जुडी. त्याने बिचाऱ्याने अदबीने भिंतीवरचा कागद दाखवला : ‘कॉमन जागेत सामान ठेवू नये, बसू नये.’ खाली सही माझी. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं, मला घोड्यावर बसवलं.

कागद उगाच नाही लावला. २०२५च्या ऑगस्टात आपल्या बीडीडी चाळीच्या जागी बांधलेल्या या टॉवरमधल्या घराच्या चाव्या मिळाल्या, पहिल्या ५५६ घरांत नंबर लागला म्हणून मी पेढे वाटले. महिन्याभरात जिन्यात सायकली, कूलर, एकाचं मोडकं कपाट! आग लागली तर पळणार कुठून? चाळीत तीन माळे होते, तू पहिल्यावरून पत्र्यावर उडी मारायचास. इथे ४० आहेत, मारून दाखव. ‘बसू नये’ मात्र मी रागात घातलं. पोरं रात्री दोनपर्यंत लिफ्टसमोर मोबाइल घेऊन बसायची.

आई काही बोलली नाही. मेथी पेपरात गुंडाळून आत आली. मी म्हटलं, खाली बाकडी आहेत की. तर म्हणाली, “तिथं मुद्दाम जाऊन बसावं लागतं. साडी बदलून.”

तिला परत १६० फुटांत जायचं नाहीये हां. पहिल्या रात्री घरातल्या संडासाचा फ्लश तिने तीनदा दाबून पाहिला. रांगेतली ती बादली, तो वास, नको रे बाबा. तिला फक्त तो मधला काळोखा पॅसेज हवाय. वीस दारं, आणि कुणाकडे कसली फोडणी पडली ते बसल्या जागी कळायचं.

तिथे कसला कागद होता? रात्री अंथरुणं पडायची, तरी दुसऱ्या पाळीहून आलेला माणूस अंधारात कुणाला पाय न लावता खोलीत जायचा. आणि टोकाच्या खिडकीखालची जागा माझी होती. दहावीच्या वर्षी तू ती ढापलीस, अजून कबूल करत नाहीस.

आता पुढच्या रविवारी मीटिंग. ‘बसू नये’ खोडलं तर पोरं परत येणार. ‘म्हातारी माणसं चालतील’ लिहिलं तर म्हणणार, सेक्रेटरीची आई ना! तुझ्या डोक्यात कायम काहीतरी वाकडं असतं, ते सांग.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरगी बारावीला ना? तिला आशीर्वाद. नालासोपाऱ्याला पाणी येतंय का?

आत्ता आईने दार सताड उघडून स्टूल उंबऱ्याच्या आतल्या बाजूला लावलंय. लसूण सोलतेय, सालं बाहेर लॉबीत उडतायत. उंबऱ्याच्या आत माझा कागद लागू होत नाही, हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. समोरचं दारही अर्धं उघडलंय.

फोन कर.

तुझा,
पक्या