पेटीत न पडलेलं पोस्टकार्ड

पुणे

प्रिय अनिकेत,

माळ्यावरची ट्रंक आवरताना तुझी आठवीची वही सापडली. तिच्यात एक पोस्टकार्ड होतं. पत्ता खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांचा, आयुकाचा, म्हणजे पुण्यातल्या त्यांच्या खगोलशास्त्र संस्थेचा. मागे तुझ्या अक्षरात एकच ओळ : "रात्री आकाश काळं का असतं?"

तिथल्या दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानाला आपण गेलो होतो. सही मागणाऱ्या मुलांना सर सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून देतो. तू घरी येताच लिहिलंस आणि टाकायला माझ्याकडे दिलंस. मी ते वहीत ठेवलं नि विसरले. तू महिनाभर पोस्टमनची वाट पाहिलीस. मीच समजूत घातली, सरांना वेळ झाला नसेल.

२० मे २०२५ ला सर गेले, तेव्हा तू फोनवर एवढंच म्हणालास, "मला मात्र उत्तर आलं नव्हतं." ते मनातून जात नाही रे. म्हणून लिहितेय.

मुलांच्या प्रश्नांना वेळ नाही, असं म्हणणारा तो माणूस नव्हता. तो वाढलाच तशा घरात. बनारसला वडील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृत जाणणाऱ्या. मोरूमामा घरच्या फळ्यावर गणिताचं कोडं लिहून ठेवायचे आणि छोटा जयंत ते सोडवायला झटायचा. पुढे केंब्रिज, तिथले खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांच्यासोबतचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, सगळं झालं. तरी १९७२ मध्ये ते बायको-मुलींसह भारतात परतले. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. तीन मुली, सासू-सासरे, सगळं सांभाळत त्यांनी १९८१ मध्ये पीएच.डी. केली. सरांबद्दल बोलताना लोक त्यांना विसरतात, ते मला खटकतं. २०२३ च्या जुलैत त्या गेल्या आणि दोन वर्षं व्हायच्या आतच सरही.

आता तुझा प्रश्न. विश्व अनंत, अनादि आणि न पसरणारं असतं, तर कुठेही पाहिलं तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावरच पडली असती आणि रात्रही लख्ख उजळली असती. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, विश्व सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं, त्यामुळे फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अजून पोचलेलाच नाही. सरांना मात्र महास्फोटातून झालेली ती एकच सुरुवात पटत नव्हती. ते ज्या हॉएल यांच्या पंथातले, त्या स्थिर-स्थिती विश्वाला, म्हणजे पसरत असूनही एकूण रूप तेच राखणाऱ्या विश्वाला, आरंभच नाही. तिथे काळोखाचं कारण प्रसरण. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, दूर पळतात, त्यांचा प्रकाश ताणला जाऊन क्षीण होतो. बहुमत विरुद्ध गेलं तरी सर अखेरपर्यंत पर्याय शोधत राहिले. तुझ्या कार्डावर त्यांनी यातलं नेमकं काय लिहिलं असतं, ते वाचायला मला फार आवडलं असतं.

तुझ्या प्रश्नाला ते टाळत नव्हते, बाळा. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

कार्ड याच पाकिटात घातलंय.

तुझी,
आई