जिताड्यासाठी ब्रेडेड लाईन घेताना डबीवरच्या पाउंडावर जाऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस ओसरला की रेवदंडा-साळावच्या पुलापासून धरमतर, राजपुरीच्या खाडीपर्यंत जिताडा मासा धरायला रॉड-रील घेतलेली पोरं दिसायला लागतात, मुंबई-पुण्याची असतात आणि आमच्या गावातली पण असतात, आणि मला त्याचा खरंच आनंद आहे. पण त्यांच्या रीलवर जी ब्रेडेड लाईन, म्हणजे विणलेली गळाची दोरी, असते आणि ती ज्या पद्धतीने बांधलेली असते ते बघून राहवत नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

बहुतेकांनी अमेरिकेतल्या बास फिशिंगचे व्हिडिओ बघून लाईन घेतलेली असते. तिकडचा लार्जमाऊथ बास गोड्या पाण्यातला, तलावात कमळाच्या पानांखाली आणि दाट पाणवनस्पतीत बसणारा, त्याला तिथून उपसून काढायला लोकं ५० ते ६५ पाउंडाची (म्हणजे तेवढं वजन पेलणारी) ब्रेड थेट लुअरला, म्हणजे खोट्या आमिषाला, बांधतात आणि तिथं ते बरोबरच आहे कारण ताणलेली ब्रेड पाला कापत येते. आपला जिताडा म्हणजे सी बास, गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तो, राहतो कुठे तर कालवं लागलेल्या खडकात, पुलाच्या खांबाशी, जेटीच्या सावलीत, तिवराच्या मुळात. तिथं ब्रेड थेट बांधली तर मासा लागला की एका घासटीत खेळ संपतो, मग लाईन ८० पाउंडाची का असेना.

कारण साधं आहे. ब्रेड म्हणजे पॉलिथिलीनचे अतिशय बारीक तंतू विणलेले असतात, डायनीमा, स्पेक्ट्रा ही नावं डबीवर वाचायला मिळतात ती त्याच धाग्याची. सरळ ओढीला हा धागा जबरदस्त, पण ताणात असताना कालवाची धार लागली की एकेक तंतू सुटत जातो आणि क्षणात सगळं जातं. आपला जुना तंगूस हा नायलॉनचा एकसंध जाड धागा, तो खरचटला तरी थोडा वेळ दम धरतो. वर जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, ज्यांनी घरी जिताडा साफ केलाय त्यांना सांगायला नको. म्हणून ब्रेड आणि लुअरच्या मध्ये लीडर, म्हणजे घासटीला टिकणाऱ्या धाग्याचा तुकडा, पाहिजेच, ४० ते ६० पाउंडाचा फ्लुरोकार्बन (एकसंध प्लॅस्टिक धागा) किंवा तेवढाच जाड चांगला तंगूस, निदान मीटर-दीड मीटर. आणि प्रत्येक माशानंतर लीडर बोटांनी चाचपायचा, खरखरीत लागला तर तेवढा कापून परत बांधायचा, दोन मिनिटांचं काम आहे. व्हिडिओच बघायचे असतील तर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बारामुंडीवाल्यांचे बघा, बारामुंडी म्हणजे हाच आपला जिताडा, आणि तो तिकडेही खाडीत, तिवरातच मिळतो.

आता आकड्याचं. दुकानात पोरं विचारतात किती पाउंडाची आहे आणि मोठा आकडा बघून खूश होतात. पाउंडाचा आकडा कोण कसाही छापतं, त्यापेक्षा जाडी बघा. जपानी पद्धतीत जाडीसाठी पीई (म्हणजे पॉलिथिलीन) नंबर असतो, पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५. काठावरून लुअर टाकणाऱ्याला पीई २ ते ३ पुरे, पाउंडात बोलायचं तर ३० ते ५०. मोकळ्या पाण्यात खालची बाजू धरा, पुलाच्या खांबाजवळ किंवा तिवराला लागून टाकणार असाल तर वरची. याच्यापेक्षा जाड घेतली की लांब जात नाही आणि भरती-ओहोटीची ओढ लाईनलाच धरते, लुअर पाहिजे तिथं राहत नाही.

छापलेल्या जाडीवर पण विश्वास नसेल तर पेन्सिलीवर दहा वेढे अगदी चिकटून घाला आणि पट्टीने मोजा, चार मिलिमीटर भरले तर लाईन ०.४ ची आहे, मग डबीवर ०.२३ लिहिलेलं असो. ताकद बघायची तर गाठ न मारता गुळगुळीत दांड्यावर भरपूर वेढे घेऊन बादली लटकवा आणि पाणी ओतत जा, ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. स्वस्तातल्या पाकिटावरचा १०० पाउंडाचा आकडा किती खरा ते अंगणातच कळेल, खाडीवर मासा घालवून कळण्यापेक्षा बरं. चार पदरी की आठ पदरी हा वाद फार चालतो, मला विचाराल तर खाडीत चार पदरी चालते, प्रत्येक पदर जाड असतो आणि किंमतही कमी, आठ पदरी गोल आणि गुळगुळीत, लांब जाते, आवाज करत नाही, ती मोकळ्या किनाऱ्यावर घ्या. रंगाची चिंता करू नका, पुढे लीडर आहे, आणि रंग उडाला म्हणजे लाईन कुजली असं नसतं.

गाठीकडे मात्र लक्ष द्या. हा धागा निसरडा आहे आणि उष्णता त्याला सोसत नाही, त्यामुळे कोरडी गाठ खेचून आवळली तर घर्षणानेच कमजोर होते, थुंकी लावून ओली करून हळू आवळा. लीडरला जोडायला डबल युनी ही गाठ सोपी, एफजी ही गाठ जमली तर उत्तम कारण ती बारीक असते आणि रॉडच्या रिंगमधून जाताना अडकत नाही. रीलच्या स्पूलवर (लाईनच्या चाकावर) ब्रेड थेट गुंडाळली तर सगळा गोळा आतल्या आत फिरतो, म्हणून खाली थोडा तंगूस भरून त्यावर १५० मीटर ब्रेड पुरते, पैसेही वाचतात, आणि पुढचा भाग झिजला की उलटी करून भरली की आतली कोरी बाजू वापरायला मिळते. तंगूस ताणला की लांबतो, ब्रेड लांबत नाही, तेव्हा ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाईन सोडणारा रीलचा ब्रेक, सैल ठेवा, लाईनच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा. आणि अडकली तर हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापलं जाईल, लाकडाला गुंडाळा.

मला हे एवढं पोटतिडकीने सांगावंसं वाटतं कारण चुकीची लाईन तुटते तेव्हा नुकसान फक्त लुअरचं नसतं. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादीच, आणि ती तोंडात गळ आणि मागे लाईनचा दोरा घेऊन जाते. उरलेली लाईन तिवरात लटकते, ती कुजत नाही, आणि बगळे, खंड्या त्यात पाय अडकवून मरतात. कापलेले तुकडे खिशात घालून घरी न्यायला काहीच कष्ट नाहीत. जेट्यांवर आणि पुलाच्या तोंडाशी ग्रामपंचायतींनी झाकणाचा एकेक डबा ठेवावा आणि सामान विकणाऱ्या दुकानदारांनी जुनी लाईन परत घ्यावी, आपल्या पेपरने ही मागणी लावून धरावी अशी विनंती आहे.

– एक वाचक, रेवदंडा