सोमवारी सुट्टी असणाऱ्यानं पिक्चर बघायचा कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिंदी पिक्चरला पब्लिक येत नाही, सगळे मोबाईलवरच बघतात असं सारखं वाचायला मिळतंय म्हणून हे पत्र. माझं कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ छोटं दुकान आहे, सुट्टी सोमवारी. मागच्या महिन्यात शुक्रवारी एक हिंदी पिक्चर लागला, मोठा हिरो नाही, मारामारी नाही, साध्या घरातली गोष्ट. बायकोला घेऊन सोमवारी मल्टिप्लेक्सला गेलो तर दिवसात एकच शो, सकाळी साडेनऊचा, आणि तोही कॅन्सल. काउंटरवरचा पोरगा म्हणाला काका, तुम्ही दोघंच आलाय. आता साडेनऊला कोण येणार हो? पोरं शाळेत, बायका डब्याच्या गडबडीत, दुकानदार शटर उघडत असतोय. संध्याकाळचे सगळे शो मोठ्या पिक्चरला.

मग म्हणायचं पब्लिक येत नाही!

२०२३ ला ट्वेल्थ फेल आला तेव्हा सुरुवात किरकोळच होती, पण एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि तो आठवडेच्या आठवडे चालला. तुंबाड २०१८ ला आला तेव्हा थोडक्यांनी बघितला, २०२४ ला परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. पिक्चर तोच होता की, फक्त मधल्या काळात लोकांपर्यंत पोचला. आमच्या लहानपणी खेड्यातली माणसं बाजाराला आली की मॅटिनी बघून जायची, गावात जाऊन पारावर सगळी ष्टोरी सांगायची आणि पुढच्या बाजाराला आणखी दहा जण यायचे, म्हणजे पिक्चर चांगला आहे ही बातमी पोचायलाच आठवडा लागायचा आणि टॉकीजवाला तेवढा थांबायचा. आता शुक्रवार ते रविवार कलेक्शन बघतात आणि सोमवारी पिक्चर उतरवतात.

हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं काढली, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. इथल्या माणसाला चांगलं काय ते कळतं, फक्त त्याला ते परवडलं पाहिजे आणि त्याच्या वेळेला लागलं पाहिजे. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय, पण चौघांच्या घरानं संध्याकाळी शंभरच्या आतलं तिकीट शोधायचं कुठं? त्यात पॉपकॉर्न तिकिटाच्या वर जातंय.

माझी थिएटरवाल्यांना कळकळीची विनंती आहे, लहान पिक्चरला निदान दोन आठवडे संध्याकाळचा एक शो द्या आणि सोमवार ते गुरुवार तिकीट शंभरच्या आत ठेवा. एकदा करून तर बघा.

तो पिक्चर आमचा राहिलाच. मुलगी म्हणते बाबा, आठ आठवडे थांबा, मोबाईलवर येईल. पण मला तो बायकोच्या शेजारी बसून मोठ्या पडद्यावरच बघायचा होता.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर