मंजू, त्या गोळ्या एकदम बंद करू नकोस

प्रिय मंजू,

तुझा रविवारचा मेसेज: "सगळ्या बाटल्या कचऱ्यात. सोमवारपासून एकही गोळी नाही." फोनवर मी थांब म्हटलं, तू हो म्हणालीस, पण तुझं ते 'हो' मला हॉस्टेलपासून ठाऊक आहे. म्हणून हे सगळं लिहून पाठवतेय. प्रदीपलाही वाचायला दे. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत.

आधी तातडीचं. लाइमसाठी, म्हणजे त्या गोचिडीच्या आजारासाठी, तू जातेस त्या क्लिनिकने दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉल या स्टिरॉइड संप्रेरकाचं गोळीतलं रूप, सकाळी १० मिलिग्रॅम आणि दुपारी ५, उन्हाळ्यापासून चालू आहे. "अगदी छोटा डोस" असं तुला सांगितलं गेलं. तो छोटा नाही. ज्यांच्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी झालेल्या असतात त्यांना आम्ही डॉक्टर दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम देतो, म्हणजे शरीराची दिवसभराची गरज तेवढ्यात भागते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते आणि त्याच्या हुकमावर ॲड्रिनल कॉर्टिसॉल बनवते. बाहेरून आयतं मिळायला लागलं की पिट्युटरी हुकूम देणं कमी करते, आणि हुकूम येत नाही म्हणून ग्रंथी आकसत जाते. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त असं चाललं की हे होऊ शकतं. कोणाचं होतं, कोणाचं नाही, किती होतं, हे नुसतं बघून कळत नाही. तेव्हा तपासणी होईपर्यंत तुझ्या ग्रंथी झोपलेल्या आहेत असंच धरून चालायचं. झोपलेल्या असताना गोळी एकदम तोडली आणि त्यात ताप किंवा उलट्या आल्या, तर रक्तदाब कोसळतो. हे जिवावर बेतू शकतं, मंजू.

म्हणून गोळी आहे तशी चालू ठेव. दुपारची मात्र चारनंतर घेऊ नकोस, उशिरा घेतली की झोप उडते. (तू लिहिलंयस की संध्याकाळी आठवण झाली की घेतेस, आणि पुढच्याच ओळीत रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही म्हणून लाइमला शिव्या दिल्या आहेत.)

अंगावर आणखी कुठून कुठून स्टिरॉइड येतंय याची यादी कर. दम्याचा इन्हेलर, त्यात फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड आहे. गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन. त्याचा परिणाम कित्येक आठवडे रेंगाळतो. नाकातला स्प्रे, त्वचेची मलमं. आणि ती 'ॲड्रिनल सपोर्ट'ची बाटली. गुरांच्या ॲड्रिनलची पूड म्हणजे नैसर्गिक, म्हणजे निरुपद्रवी, असं तुला वाटलं ना? २०१८ साली 'मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज'मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा १२ उत्पादनांची तपासणी छापून आली. बाराही उत्पादनांत थायरॉइडचं संप्रेरक सापडलं आणि बहुतेकांत कुठलं ना कुठलं स्टिरॉइड. लेबलवर त्याचा उल्लेख नाही. त्यामुळे ही बाटलीसुद्धा आजच फेकू नकोस. डॉक्टरांना नेऊन दाखव, आधी बाटली की आधी गोळी हे त्यांना ठरवू दे.

आता तपासणी. क्लिनिककडे नको, एंडोक्रिनॉलॉजिस्टची, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांची, वेळ घे. तोवर तुझ्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई हे करू शकतात. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल, आधीच्या गोळीनंतर निदान २४ तासांनी. म्हणजे आदल्या दिवशी दुपारची गोळी त्यांच्या परवानगीने गाळायची, त्या दिवशीची सकाळची गोळी सोबत न्यायची आणि रक्त दिल्या दिल्या तिथेच घ्यायची. घरी जाऊन घेईन, असं नाही. केसांसाठी बायोटिन घेतेस ते तीन दिवस आधी बंद, कारण मोठ्या मात्रेतलं बायोटिन अशा तपासण्यांचे आकडे बिघडवतं. इस्ट्रोजेन असलेली गोळी चालू असेल तर सांग. तिने कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं आणि खोटा दिलासा मिळतो. त्याच वेळी एसीटीएच, सोडियम, पोटॅशियम, साखर, टीएसएच (थायरॉइडसाठी). एसीटीएचची नळी बर्फावर ठेवावी लागते, नाहीतर आकडा खोटा कमी येतो, हे रक्त काढणाऱ्याला आठवण करून दे.

स्टिरॉइड घेणाऱ्यांसाठी आकडे असे वाचतात: १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी जाग्या झाल्या, गोळी सोडता येते. ५ ते १० च्या मध्ये असेल तर डोस चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. ५ च्या खाली असेल तर काही महिने धीर धरायचा. अधांतरी राहिलं तर एसीटीएचचं २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देऊन अर्ध्या आणि एका तासाने पुन्हा कॉर्टिसॉल मोजतात.

डोस उतरवताना सहसा आधी दुपारची गोळी जाते, मग सकाळची अडीच-अडीच मिलिग्रॅमने, मध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवून. यात एक फसगत आहे आणि माझी सगळ्यात मोठी काळजी तीच आहे. स्टिरॉइड उतरताना अंग दुखतं, सांधे धरतात, मन खचतं, प्रचंड थकवा येतो. म्हणजे हुबेहूब तुझा लाइम. तू म्हणशील उलटला, ते क्लिनिक म्हणेल जंतू मरतायत म्हणून त्रास होतोय, आणि आणखी सहा महिने अँटिबायोटिक. जंतू मरताना होणारी ती प्रतिक्रिया खरी आहे, पण ती उपचार सुरू केल्यावर पहिल्या दिवसभरात येते, महिन्यांनी नाही. उतरवण्याच्या काळात त्रास वाढला तर आधी डोसची तारीख बघ, मग लाइमचं नाव घे.

आता त्या क्लिनिकचं निदान, "तिसऱ्या टप्प्याचा ॲड्रिनल थकवा". मला माहीत आहे तू इथे रागावणार. अंजूच्या लग्नात तू मला सगळ्यांसमोर "सगळ्याला नाही म्हणणारी डॉक्टर" म्हणालीस, आणि आपण दोघी जेवणाच्या पंगतीत पाठ करून बसलो. तरी सांगते. हे निदान १९९८ मध्ये एका कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्याने, चालवलं. २०१६ साली ५८ अभ्यास एकत्र तपासून पाहिले गेले, त्यात त्याला आधार मिळाला नाही. ताण पडला म्हणून ॲड्रिनल दमत नाही. उलट आजारात ती जास्त कॉर्टिसॉल बनवते. लाळेचे चार नमुने आणि त्यांचा तो सपाट आलेख: रात्रीच्या लाळेतलं कॉर्टिसॉल आम्हीही मोजतो, पण ते जास्त आहे का हे बघायला. कमी आहे का हे ठरवायला तो आलेख चालत नाही. झोप मोडलेली असली तरी तो सपाट येतो, आणि तुझी झोप तर मोडलेलीच आहे.

पण ग्रंथी दमलेली नाही याचा अर्थ तू दमलेली नाहीस असा अजिबात नाही. तू ज्या भागात राहतेस तिथेच, कनेक्टिकटमध्ये, १९७५ मध्ये पॉली मरे आणि आणखी एका आईने आरोग्य खात्याला कळवलं होतं की आमच्या पोरांचे सांधे सुजतायत. मरेबाईंचं वर्षानुवर्षं कोणी धड ऐकलं नव्हतं. मग येल विद्यापीठातून डॉक्टर ॲलन स्टीअर आले, आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीत लाइमचे जंतू सापडल्याचं छापलं. उपचार नीट होऊनही काही जणांना सहा महिन्यांहून जास्त थकवा, दुखणं, डोक्यात धुकं राहतं, हे सरकारी आरोग्य यंत्रणाही मानते. कारण अजून पक्कं उमगलेलं नाही. जास्तीचे अँटिबायोटिक मात्र कामाचे नाहीत: २००१ मध्ये अमेरिकेत आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये छापलेल्या चाचण्यांत औषध आणि नुसती खोटी गोळी यांत फरक पडला नाही. आणि शिरेत नळी ठेवून महिनोन्महिने औषध घेणाऱ्यांना रक्तात जंतुसंसर्ग होऊन मृत्यू झाल्याची नोंद आहे. तुझ्या रक्तातल्या अँटिबॉडी अजून पॉझिटिव्ह येतात त्याने घाबरू नकोस, त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात.

मग खरोखर काय शोधायचं? पहिलं, जे तिथे कोणी विचारणार नाही: नववीत तुझ्या मानेला टीबीच्या गाठी आल्या होत्या हे तू त्यांना सांगितलंस का? पाश्चात्त्य देशांत ॲडिसनचा आजार, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच निकामी होणं, बहुधा शरीराच्या प्रतिकारशक्तीच्याच हल्ल्याने होतो, आपल्याकडे टीबी हे मोठं कारण आहे, आणि तो बऱ्याच वर्षांनीही ॲड्रिनलमध्ये सापडतो. मावशीला मोगऱ्याच्या कुंडीत तुझ्या गोळ्या सापडल्या होत्या, तेही सांग. लाजू नकोस, तेव्हा चौदा वर्षांची होतीस. वजन उतरतंय का, खारट खावंसं वाटतं का, उभं राहिल्यावर अंधारी येते का, तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळवंडलेत का, हे बघ. आपल्या रंगावर ते पटकन कळत नाही, म्हणून पाच वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेव. ॲडिसनमध्ये एसीटीएच चढलेलं आणि पोटॅशियम वाढलेलं असतं. गोळ्यांनी झोपलेल्या ग्रंथीत एसीटीएच कमी किंवा जेमतेम असतं आणि पोटॅशियम नीट राहतं.

दुसरं, बी-१२ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). शाकाहारी, त्यात ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं. पायांच्या मुंग्यांचा दोष लाइमला देण्याआधी बी-१२ बघायला हवं. तिसरं, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर बॅबेसिया हा रक्तातला परजीवी. तोही त्याच गोचिडीतून येतो आणि लाइमच्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने जात नाही.

चौथं घरीच कर, प्रदीपला जवळ उभा करून. सकाळी कॉफीच्या आधी दहा मिनिटं आडवी पड, रक्तदाब आणि नाडी लिही. मग उठून भिंतीला पाठ टेकून हलू नकोस. १, ३, ५ आणि १० मिनिटांनी पुन्हा लिही. चक्कर आली की लगेच बस. रक्तदाब न पडता नाडी ३० ने किंवा जास्त वाढली तर तो स्वायत्त मज्जासंस्थेचा गोंधळ असू शकतो. त्याला उपचार आहेत: दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, डॉक्टरांनी ठरवलेलं जास्तीचं मीठ, पोटापर्यंत येणारे घट्ट मोजे, बसून-झोपून करायचे व्यायाम. वरचा रक्तदाब तीन मिनिटांत २० ने किंवा खालचा १० ने पडला तर ते आकडे त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. आणि पोटॅशियमचा अहवाल येईपर्यंत रोजचं नारळपाणी बंद, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

एवढ्याने थकवा एका झटक्यात जाणार नाही. तुझी रीत मला माहीत आहे: बरं वाटलं की एका दिवसात सगळी बाग उपसायची. दमणूक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरते म्हणून तुला दोन्हींचा संबंध लागत नाही. दोन आठवडे केलेलं काम आणि दोन दिवसांनंतरची तब्येत वहीत लिही, आणि बरं वाटेल त्या दिवशीही वाटेल त्याच्या निम्म्यावर थांब. उठायची वेळ रोज एक ठेव, उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात, कॉफी दुपारी बारापर्यंतच. बागेत जाणं सोडू नकोस. कपड्यांवर गोचिडी मारणारं परमेथ्रिन मार, परत आल्यावर कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरव, काखा-जांघा-गुडघ्यांच्या मागे गोचिड आहे का तपास.

गोळी चालू असेपर्यंत पर्समध्ये चिठ्ठी ठेव की तू स्टिरॉइड घेतेस. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला तर डोस दुप्पट, ३९ च्या वर तिप्पट, बरं वाटेपर्यंत. हा नियम डॉक्टरांकडून लिहून घे. उलटीत गोळी टिकत नसेल, पोटात जबर दुखत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर वाट न बघता ९११ ला फोन, आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागेल हे प्रदीपने सांगायचं. आणखी एक: ते क्लिनिक रिफॅम्पिन या अँटिबायोटिकचं नाव काढत होतं असं तू म्हणालीस. ते औषध कॉर्टिसॉल झपाट्याने जाळतं. तपासणी होईपर्यंत स्पष्ट नाही म्हण.

ईशानच्या कॉलेजचं काय ठरलं? सासूबाई मार्चला येतायत म्हणजे खाली झोपायची सोय बघावी लागेल. नोकरीतले तास कमी करून घेतलेस ते उत्तम केलंस, त्यात कमीपणा काही नाही. कुमुदताईंनी तुझ्यासाठी मेतकूट केलंय, येणाऱ्याबरोबर पाठवते.

आठचा आकडा आला की फोटो पाठव, आणि सोबत शेवटची गोळी किती वाजता घेतली होतीस तेही.

तुझी,
शुभा

ता. क. बाटलीच्या लेबलवर ज्येष्ठमध आहे का बघ. घसा धरला की आजी देत असे तेवढ्याने काही होत नाही, पण कॅप्सूलमधून रोज घेतलं की रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. मग ॲडिसनचं वाढलेलं पोटॅशियम त्याखाली झाकून जाईल. अश्वगंधा असेल तर यकृताच्या तपासण्याही करायला सांग.